पुढची रिकामी जागा

पहिलवानाची वहिनी म्हणून ती कंपनीच्या आवारात कामाला लागली आणि बघता बघता सगळ्या आवाराचीच वहिनी झाली. फोर्कलिफ्टवाला तिला वहिनी म्हणे, दुरुस्तीचा मिस्त्री वहिनी म्हणे, आणि वयाने तिच्या वडिलांएवढे असलेले सुपरवायझरही एक दिवस चुकून म्हणाले आणि मग तेच चालू राहिलं. तिची त्याला हरकत नव्हती. आवारात ती एकटीच बाई ड्रायव्हर होती, आणि ‘ओ ड्रायव्हर’पेक्षा वहिनी कधीही बरं.

पहिलवान म्हणजे तिचा धाकटा दीर. कुस्ती तो शाळेत असताना खेळला असेल तेवढीच, पण नाव चिकटलं ते कामामुळे. कंपनी पायवाटा बांधायची, मैदानं सपाट करून द्यायची, हिरवळ लावायची. सामान पिकअपच्या मागे जोडलेल्या दोन चाकी ट्रेलरमधून साइटवर जाई. सिमेंट-वाळूच्या मिश्रणाची पोती फोर्कलिफ्टने येत, पण ट्रेलरच्या बाजू बंद असल्यामुळे फोर्कलिफ्टला ती मागच्या उघडणाऱ्या फाळक्याजवळच ठेवता येत. तिथून एकेक पोतं खांद्यावर घेऊन पुढे रचायचं काम पहिलवानाचं. दुसरे दोघे मिळून जेवढ्यात निम्मं करतील तेवढ्यात तो सगळं संपवून हात झटकत उभा असे.

वहिनीला ट्रेलर शिकवला तोही त्यानेच. मोठी गाडी तिला येत होती, पण ट्रेलर म्हणजे वेगळंच जनावर. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ते उजवीकडे जातं आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. पहिले काही दिवस तिची मती गुंग झाली होती. दीर शेजारी उभा राहून सांगे, “वहिनी, डोक्याने विचार करू नका. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर जिकडे न्यायचाय तिकडे हात न्या. बस.” आणि खरंच, तसं केलं की जमायचं. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसवायची, खटका पाडायचा, पिन घालायची, दोन्ही साखळ्या एकमेकींवरून तिरक्या लावायच्या, दिव्यांची वायर जोडायची, आणि शेवटी भरलेला माल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, हे सगळं त्याने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. “जड ते चाकांच्या थोडं पुढे,” तो सांगायचा. “नाक जड, शेपूट हलकं. उलटं झालं तर ट्रेलर तुम्हाला चालवेल.”

वर्षभर सगळं सुरळीत होतं. मग ट्रेलर शेपूट हलवायला लागला.

पहिल्यांदा तिला वाटलं वारा असेल. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडीने वेग घेतला आणि मागून कुणीतरी खुर्ची हलवावी तसं झालं. आरशात पाहिलं तर ट्रेलर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा. वेग कमी झाला तसा तो सरळ झाला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी तेच. तिसऱ्या दिवशी ती जीव मुठीत धरून गेली, तर ट्रेलर अगदी शहाण्या मुलासारखा मागून आला.

ती बुचकळ्यात पडली. बिघाड म्हणावा तर तो रोज असायला हवा. तिने मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीने टायरची हवा मोजली, चाकं हलवून बघितली, गोळा आणि वाटी एकाच मापाचे आहेत का ते पाहिलं, खटक्यावर हातोडी मारली.

“वहिनी, ट्रेलर ठणठणीत आहे.”

“मग हलतो का?”

“रोज हलतो?”

“नाही ना. कधी हलतो, कधी नाही.”

मिस्त्री हात पुसत म्हणाला, “मग तो ट्रेलर नसेल. ड्रायव्हर असेल.” तो गमतीने म्हणाला, पण ती गंमत तिच्या घशाखाली उतरली नाही.

संध्याकाळी परत येताना तर कोडं आणखी अवघड होई. साइटवरची माणसं उकरलेल्या मातीची पोती ट्रेलरमध्ये भरून देत, वजन सकाळइतकंच, आणि तोच ट्रेलर त्याच पुलावरून निमूट येई. म्हणजे सकाळी बिघडतो आणि संध्याकाळी दुरुस्त होतो? की सकाळी तीच बिघडलेली असते? ती स्वतःवर लक्ष ठेवू लागली. झोप कमी झाली होती का, नवऱ्याशी वाजलं होतं का, चहा घेतला होता की नाही. एकदा तर चहा न घेतलेल्या दिवशी ट्रेलर सरळ गेला म्हणून तिने दोन दिवस चहा सोडला. दुसऱ्या दिवशी तो असा हलला की साइटवर पोचल्यावर तिने उभ्याउभ्या दोन कप चहा घेतला.

शेवटी तिने दिराला विचारलं. तो आवाराच्या नळावर तोंड धूत होता.

“भाऊजी, सकाळी ट्रेलर मागून झोके खातो. तुमच्या वेळी असं कधी झालं होतं?”

त्याने तोंड पुसायला वेळ लावला. “वेग किती असतो तुमचा?”

“जेवढा नेहमी असतो तेवढाच.”

“उतारावर वाढतो, कळत नाही आपल्याला. तुमचा वेग जरा जास्त आहे, वहिनी. सांभाळून जा.”

दिराने शिकवलेलं, दिराने सांगितलेलं, म्हणजे खरंच असणार. ती वेग कमी करून जाऊ लागली. मागे वाहनांची रांग लागे, लोक हॉर्न वाजवून कान किटवत. तरी ट्रेलर मनात आलं की हले, नाहीतर नाही. घरी तिने नवऱ्याला विचारलं, “अहो, मी गाडी वेगात चालवते का?” तो बेकरीतून दमून आलेला, अर्धा झोपेत. म्हणाला, “बोलतेस वेगात, एवढं माहीत आहे.”

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही, किंवा आली पण तिने तिच्याकडे पाहिलं नाही. पूर्वी ती आली की दीर तिला भरलेला माल दाखवे आणि मग दोघं मिळून ताडपत्री ओढत. आता ती यायच्या आत ताडपत्री बांधून झालेली असे. मिश्रणाला दव लागू नये म्हणून असेल, तिने मनाशी म्हटलं. बांधलेली ताडपत्री सोडून बघायची म्हणजे ज्याने शिकवलं त्याच्याच कामावर संशय घ्यायचा. घरातल्या माणसावर. ते तिच्याने होईना.

मग तो सकाळचा प्रकार घडला. पुलाचा उतार लागला आणि बाजूने एक बस जोरात पुढे गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर सुटल्यासारखा झाला. या वेळी झोका लहान नव्हता. पिकअपचं मागचं अंग तो उचलून इकडून तिकडे आपटत होता, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. पाय ब्रेककडे धावू पाहत होता. तिने पाय आवरला. ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि सरळ धरून ठेवायचं. तिने पाय काढला. धरून ठेवलं. ट्रेलर एकदा कठड्याला घासला, पत्रा किंचाळल्यासारखा आवाज झाला, आणि मग हळूहळू झोके लहान झाले. पूल संपल्यावर तिने गाडी कडेला घेतली. उतरून मागे गेली.

ट्रेलरचा मडगार्ड वाकला होता. कुणाला लागलं नव्हतं. साखळ्या जागेवर, खटका पडलेला, पिन आत. सगळं जसंच्या तसं. तिने ताडपत्रीच्या दोरीला हात घातला. पहिलवानाची गाठ सोडवायची म्हणजे एरवी दात लावायची पाळी येई, अशी त्याची ख्याती होती. ही गाठ एका हिसक्यात सुटली. ती क्षणभर हातातल्या दोरीकडेच बघत राहिली.

ताडपत्री मागे टाकली तर आत, फाळक्याला लागून, सगळी पोती. फोर्कलिफ्टने ठेवली तशीच, वरून दुहेरी पट्टा मारलेली. चाकांच्या पुढे दोन फावडी, काही रिकाम्या बादल्या आणि एवढी मोकळी जागा की माणूस पाय पसरून झोपला असता.

तिला आधी वाटलं आपण उलट्या बाजूने बघतोय. मग वाटलं पोती सरकली असतील. पण पट्टा ताठ होता. ती सरकली नव्हती, ती तिथेच ठेवली होती. ज्याने ‘नाक जड, शेपूट हलकं’ हे तिच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं त्याने.

का? तिच्या डोक्यात एकामागून एक विचार येऊ लागले, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट. तिने नोकरी सोडावी असं त्याला वाटतं? तिला त्याच्यापेक्षा पगार जास्त मिळायला लागला याचं काही? गेल्या वेळी पाहुण्यांसमोर ती त्याला काही बोलली होती का? पण हा तोच दीर, तिच्या बाळंतपणात पावसातून दवाखान्यात डबा घेऊन येणारा. कुणीतरी एक खोटं होतं. तो दीर तरी, नाहीतर हा ट्रेलर तरी.

मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. काही न विचारता त्याने बाह्या सरसावल्या आणि दोघांनी पोती पुढे नेली. भीतीपोटी तिने सगळीच्या सगळी अगदी पुढच्या टोकाला रचली. गाडी सुरू केली तर पिकअपचं मागचं अंग बसलं, नाक वर झालं आणि स्टिअरिंग हवेत धरल्यासारखं हलकं लागलं. पुन्हा उतरावं लागलं. टेम्पोवाला हसला. “पुढे म्हणजे इतकंही पुढे नको, बाई.” त्यांनी काही पोती चाकांवर आणली. मग ट्रेलर साइटपर्यंत असा गेला, जसं काही झालंच नव्हतं.

वाकलेल्या मडगार्डबद्दल तिने सुपरवायझरना ‘कठड्याला लागलं’ एवढंच सांगितलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावर दिराकडे गेली. जाऊ कपडे घडी करत होती, तो खुर्चीत बसला होता.

“भाऊजी, आज पोती मागे होती.”

“पुढेच ठेवली होती.”

“मी ताडपत्री काढून बघितली.”

“ब्रेक मारल्यावर सरकली असतील.”

“ब्रेक मारला तर पोती पुढे सरकतात, भाऊजी. मागे नाही.”

जाऊ घडी घालता घालता थांबली. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “मग मला माहीत नाही.” रागाने नाही. खरंच माहीत नसल्यासारखा. त्यामुळे ती आणखीच गोंधळली. भांडला असता तर निदान भांडता आलं असतं.

जिन्यात जाऊ तिच्या मागून आली. हळूच म्हणाली, “ताई, हल्ली यांचं काही कळत नाही मला. काही विचारलं की वसकन अंगावर येतात.”

“मला तरी कुठे कळतंय,” वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेच्या बरीच आधी आवारात गेली. भरणीच्या शेडमागे उभी राहिली. लपून बघायचं नव्हतं, पण समोर जायचंही धाडस नव्हतं. फोर्कलिफ्टवाल्याने पोती ट्रेलरच्या मागच्या टोकाला टेकवली. पहिलवानाने पहिलं पोतं उचललं, डाव्या खांद्यावर घेतलं, पुढे नेऊन ठेवलं. दुसरं उचललं. उजवा हात पोत्याखाली गेला आणि तिथेच उघडला. त्याने सोडलं नाही, हातच आपोआप उघडला, आणि पोतं त्याच्या पायाशी पडलं. त्याने हाताकडे पाहिलं. मूठ वळवायचा प्रयत्न केला. दोन बोटं वळली, बाकीची वळली नाहीत.

“थांब, मी उतरतो,” फोर्कलिफ्टवाला म्हणाला.

“काल उतरलास का? बस वर.”

“काल मला दुसरीकडे बोलावलं होतं. आज आहे ना मी.”

“रोज रोज तू उतरलास तर उद्या सगळ्यांना कळेल.”

तेवढ्यात तिच्या पायाखाली खडी वाजली. दोघांनी वळून पाहिलं. फोर्कलिफ्टवाला आपल्या सीटवर असा बसला जणू तो तिथे नव्हताच.

आता ट्रेलर कधी हलतो, कधी नाही याचा तिला उलगडा झाला. हात साथ देईना आणि फोर्कलिफ्टवालाही उतरला नाही, त्या दिवशी पोती मागेच राहत. पण त्यासोबत बाकीच्या गोष्टी जास्तच गुंतल्या. रागावलं पाहिजे होतं आणि समोर तो हात दिसत होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“हात कधी असतो, कधी नसतो,” तो म्हणाला. “सकाळी जास्त. मुंग्या येतात, मग काही कळतच नाही हातात काय आहे ते.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“डॉक्टर काय सांगणार? ओझं उचलू नको म्हणेल. ओझं उचलायचं नाही तर मग मी करू काय?”

“मग मला का सांगितलंत, माझा वेग जास्त आहे म्हणून? मी वेड्यासारखी स्वतःलाच तपासत बसले, भाऊजी. चहा सोडला मी.”

तो या शेवटच्या वाक्याने गोंधळला. “चहा कशाला सोडलात?”

“ते जाऊ द्या.”

“काहीतरी सांगावं लागलं तेव्हा,” तो खाली बघत म्हणाला. “पट्टा दुहेरी मारत होतो. मला वाटायचं, घट्ट बांधलं की झालं.”

“तुम्हाला असं वाटत नव्हतं. तुम्हीच मला शिकवलंय.”

त्याने पडलेलं पोतं पायाने बाजूला सारलं. ती म्हणाली, “हा ट्रेलर असा मी आता ओढणार नाही. सुपरवायझरना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. पण सांगितल्याशिवाय मी किल्ली लावत नाही.”

ती पिकअपच्या पायरीवर जाऊन बसली. आपण योग्य केलं की घरच्या माणसाचं पोट मारलं, तिला ठरवता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सुपरवायझर आले तेव्हा पहिलवान त्यांच्याकडे चालत गेला. त्याने काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. त्याने हात पुढे केलेला मात्र दिसला, दाखवायला.

सुपरवायझरनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि मिस्त्रीला बोलावलं. “ही बाजू कापून बिजागऱ्या लावता येतील?”

“येतील की. दुपारपर्यंत.”

“मग फोर्क बाजूने येऊन थेट हव्या त्या जागी ठेवेल. उचलायलाच नको कुणाला.”

सगळे ट्रेलरकडे बघत राहिले. इतकी वर्षं तो तिथेच उभा होता, बाजू बंद. फोर्कलिफ्टवाल्याने डोकं खाजवलं. मिस्त्री म्हणाला, “कुणी सांगितलं नाही मला कधी.” सुपरवायझर म्हणाले, “पहिलवान असताना कुणाला गरजच वाटली नाही.” त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं. पहिलवानाचा चेहरा मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला.

“मग इतकी वर्षं मी काय वाहत होतो?” तो म्हणाला.

दवाखान्यात कळलं की मानेत शीर दबली आहे. औषधं, मानेला पट्टा, व्यायाम, आणि ओझं उचलणं बंद. त्याची नोकरी गेली नाही. सुपरवायझरनी त्याला गाड्या सुटण्याआधीची तपासणी दिली: खटका, पिन, साखळ्या, दिवे, माल, आणि ताडपत्री सगळ्यात शेवटी, ड्रायव्हरसमोर. पगार थोडा कमी झाला. घरी मात्र वातावरण विचित्रच राहिलं. जाऊ तिचे हात धरून रडली आणि म्हणाली, ताई, तुम्ही वाचवलंत यांना. नवरा म्हणाला, “अगं, आधी मला सांगायचंस, घरातल्या घरात मिटलं असतं.” ती भांडी घासत राहिली. दीर तिच्याशी कामापुरतं बोले, अदबीने, परक्या माणसाशी बोलावं तसं. तो तिच्यावर रागावला होता की स्वतःवर, हे तिला कळेना. तीही त्याच्यावर रागावली होती की नाही, हेही.

मग एकदा नव्या साइटवरच्या ट्रेलरची तपासणी करायला त्याला जायचं होतं आणि तो तिच्या शेजारच्या सीटवर बसला. तिने गाडी चालवायची आणि त्याने बसायचं, असं पहिल्यांदाच. पूल आला, उतार लागला. ट्रेलर सरळ मागून येत होता.

“वहिनी,” त्याने आरशात बघत विचारलं, “हलायला लागला की तुम्हाला कुठे कळतं? आरशात?”

“नाही. आधी पाठीला कळतं. आरशात नंतर दिसतं.”

“लगेच कळतं?”

“पहिल्या झोक्याला.”

तो मानेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “मला वाटायचं,” तो म्हणाला, “गाडी मोठी आहे, पुढे बसलेल्याला एवढं कळत नसेल.”

ही माफी होती का, की आणखी एक सबब, की नुसतीच सांगितलेली गोष्ट? तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तो अजून आरशातच बघत होता. उतार संपला. पुढच्या चौकात त्याला डावीकडे वळायचं आहे की सरळ, हे तिला विचारायचं होतं. तेवढंच तिने विचारलं.

“डावीकडे,” तो म्हणाला. “वळताना मोठं वळण घ्या. आतलं चाक फुटपाथवर चढतं.”

“माहीत आहे, भाऊजी,” ती म्हणाली, आणि मोठं वळण घेतलं.